चिल्काकाठची परेड

ओडिशाला चाललेय म्हटल्यावर शाळेतल्या प्रत्येक बाईने मला एकच विचारलं, "जगन्नाथाला का?" मी म्हणायचे, "नाही हो, लेकीच्या परेडला." मग त्या काहीतरी चुकीचं ऐकल्यासारख्या बघायच्या.

त्यांचं चुकत नव्हतं. परळच्या चाळीतली मुलगी चिल्का सरोवराच्या काठी नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात कशी पोचते, हे मलाही अजून नीट सांगता येत नाही. प्रज्ञा आमची एकुलती एक. बारावीनंतर तिला नर्सिंगला जागा मिळत होती. ती तिने सोडली आणि अग्निवीर म्हणून नौदलात भरतीसाठी अर्ज केला. रोज सकाळी मी तिच्याबरोबर शिवाजी पार्कला जायचे. ती मैदानाला फेऱ्या मारायची आणि मी कट्ट्यावर बसून वह्या तपासायचे. क्रिकेटच्या जाळ्यांमागून ती वळून आली की तिचा चेहरा लाल झालेला असायचा, पण ती थांबायची नाही. पोहायला दादरच्या तरणतलावात शिकली. निवड झाली त्या दिवशी घरात पेढे आले, पण ते मी आणले. तिच्या पप्पांनी हातही लावला नाही.

तिचे पप्पा म्हणजे मिलिंद. आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे लग्नानंतरही एकेरीतच बोलतो. तो परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात प्लास्टर रूममध्ये कामाला आहे. मोडलेले हातपाय बांधायचे आणि बरे झाले की प्लास्टर कापायचं, यात त्याचा जन्म गेला. नर्सिंगची जागा त्याच्या मनात भरली होती. "चार वर्षांची नोकरी म्हणजे काय नोकरी आहे?" तो म्हणायचा. "चार वर्षांनी घरी पाठवलं तर काय करणार? परत पहिल्यापासून?" प्रज्ञा निघाली त्या दिवशी तो ड्यूटी बदलून न घेता कामावर गेला. त्यानंतर रविवारी तिचा फोन यायचा, तेव्हा तो माझ्या शेजारी बसून सगळं ऐकायचा, पण फोन हातात घ्यायचा नाही.

तरी प्रशिक्षण संपल्यावरच्या परेडचं कळल्यावर तिकिटं त्यानेच काढली. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित रद्द केली असती.

धौली

दीड दिवसाच्या प्रवासानंतर सकाळी भुवनेश्वरला उतरलो. स्टेशनबाहेर एका माणसाच्या सायकलवर दोन मोठी पातेली होती आणि त्याच्याभोवती लोक द्रोण घेऊन उभे होते. आम्हीही घेतले. ताकात भिजवलेले छोटे वडे, त्यावर तिखट बटाट्याची भाजी, त्यावर वाटाण्याची उसळ आणि कांदा. दहीवडा आणि मिसळ एकाच द्रोणात कोणी आणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मिलिंदने दुसरा द्रोण मागितला. एवढ्या दिवसांत त्याने मागून काही खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं.

परेड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. हा मधला दिवस मी मुद्दाम ठेवला होता. मी महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवते आणि आम्ही बौद्ध. कलिंगचं युद्ध मी इतक्या वर्गांना शिकवलंय की ते शेजारच्या गल्लीत झाल्यासारखं वाटतं. पण ते जिथे झालं म्हणतात ती धौलीची टेकडी कधी पाहिली नव्हती. भुवनेश्वरपासून ती रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूची झाडं लागली. महाडजवळच्या आमच्या गावासारखीच, फक्त जमीन सपाट.

शिलालेख टेकडीच्या पायथ्याशी आहे. बहुतेक गाड्या त्याच्यावरून सरळ वर, जपानी भिक्खूंनी बांधलेल्या पांढऱ्या स्तूपाकडे जातात. आम्ही खालीच उतरलो. एका मोठ्या खडकावर काचेआड ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आणि वर खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती. हत्तीचा मागचा भाग अजून दगडातच आहे. तो बाहेर येतोय की आत चाललाय, हे मला बराच वेळ कळलं नाही.

येण्याआधी वाचून आले होते, त्यामुळे धक्का बसला नाही, पण प्रत्यक्ष तिथे उभं राहून विचित्र वाटलंच. युद्धाबद्दलचा पश्चात्ताप अशोकाने दुसरीकडे कोरून घेतला. इथे, जिथे माणसं मेली, तिथे त्या युद्धाचा उल्लेखच नाही. इथे त्याने अधिकाऱ्यांना सांगितलंय की सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना तसं वागवा. मी हे मिलिंदला सांगितलं. वाटलं, तो नुसता हूं म्हणेल.

तो म्हणाला, "ज्यांची लेकरं मारली, त्यांनाच सांगतोय की तुम्ही माझी लेकरं."

"तसं म्हटलं तर तसंच."

"वर्गात तू हेच शिकवतेस ना? युद्ध वाईट, राजाला पस्तावा झाला, मग त्याने धम्म घेतला?"

"हो."

"आणि पोरीला तूच नेलंस रोज शिवाजी पार्कला."

हे तो आवाज न चढवता बोलला. आजवर घरात भांडणं झाली ती नोकरीच्या वर्षांवरून, नर्सिंगवरून. हे असं त्याने कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडे उत्तर होतं ते इतकंच, की ती मैदानाला फेऱ्या मारत येताना मला फार आवडायची. तिच्या वयात मी कधी धावले नव्हते. पण हे शिलालेखापुढे उभं राहून सांगण्यासारखं वाटलं नाही. आम्ही चढ चढून स्तूपापर्यंत गेलो. खाली दया नदी वाळूतून बारीक वाहत होती आणि तिच्या काठाने हिरवी शेतं होती. ऊन तापलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्या दिवशी रविवार नव्हता, म्हणून नंबर पाहून मी घाबरलेच.

"आई, पोचलात?"

"धौलीला आलोय. तू कशी आहेस?"

"आई, ऐक. उद्या मी परेडमध्ये नाहीये." आवाज रडवेला नव्हता, पाठ केल्यासारखा होता. "पायाच्या नळीला तडा गेलाय. बारीक आहे. प्लास्टर घातलंय. मी बसून बघणार. तुम्हाला पास मिळेल, तुम्ही यायचंच. आधी सांगितलं असतं तर पप्पांनी तिकिटं रद्द केली असती."

"कधी झालं हे?"

"झाले बरेच दिवस. आई, मला वेळ नाही, ठेवते."

फोन बंद झाला. मिलिंद माझ्याकडेच बघत होता. मी सगळं तसंच्या तसं सांगितलं. तो स्तूपाच्या पायरीवर बसला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "पळून पळून झालेला तडा. दुखत असताना पळत राहिली असणार." मग थोड्या वेळाने, "आता घरी घेऊन जाऊ तिला."

बाळूगाव

केंद्राच्या जवळचं गाव बाळूगाव. बसने दोन-एक तासांत पोचलो. रस्त्यात शेवटी डाव्या हाताला पाणी दिसायला लागलं आणि मग दिसतच राहिलं. चिल्काला सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं की समोर मलबार हिल तरी असतं. इथे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, याचा पत्ता लागत नव्हता. हिवाळी पक्षी बहुतेक परत गेले होते. मागे राहिलेले थोडे दूरवर ठिपक्यांसारखे बसले होते.

आम्ही एका घरगुती लॉजवर उतरलो. चालवणारी बाई साठीची असेल, सगळे तिला मौसी म्हणत. जेवायला काय, असं तिने विचारल्यावर मिलिंदने 'खेकडा' म्हणून पाहिलं, मग 'केकडा' म्हणून पाहिलं, शेवटी दोन्ही हातांची बोटं वाकडी करून टेबलावर आडवी चालवून दाखवली. मौसी पोट धरून हसली. "कंकडा!" ती म्हणाली आणि घरात ओरडून तेच सांगितलं. आतूनही हसू आलं.

खेकडे मोठे आणि गोड होते, पण रस्सा मोहरीचा. आमच्याकडे वाटणात ओलं खोबरं नसेल तर ते कालवण नव्हे. पहिल्या घासाला मोहरी नाकात गेली, नंतर जिभेला पटली. नांगी फोडताना रस्सा उडाला आणि माझ्या पांढऱ्या साडीवर हळदीचा मोठा डाग पडला. परेडला नेसायची तीच होती. प्रवासात चुरगळेल म्हणून पिशवीत न ठेवता अंगावरच नेसायचा शहाणपणा केला होता. मौसीने साडी काढून घेतली, लिंबू आणि साबण चोळला आणि गच्चीवर वाळत टाकली. डाग गेला नाही, फिका झाला. "निऱ्यांत जाईल," ती हिंदीत म्हणाली. गेलाही.

रात्री अंथरुणावर मिलिंद म्हणाला, "अशी हाडं माझ्याकडे किती येतात. पोलीस भरतीची पोरं असतात. दुखतंय हे सांगत नाहीत. सांगितलं तर बाहेर काढतील म्हणून पळत राहतात. मग एक दिवस सरळ मोडूनच येतात."

"तिचं मोडलेलं नाही ना?"

"पाहिल्याशिवाय काय सांगू?"

त्यानंतर तो जागाच होता. मीही.

मैदान

दुपारनंतर केंद्राच्या बसने आम्हाला आत नेलं. फाटकावर तपासणी झाली, मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवले गेले. आत सगळं इतकं स्वच्छ आणि सरळ, की आपण पानाची पिंक टाकणाऱ्या शहरातून आलोय याची लाज वाटावी. पांढऱ्या रंगवलेल्या दगडांच्या कडा, नारळाची झाडं आणि मध्ये परेडचं मैदान. मागे सरोवराचं पाणी. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला खुर्च्या मिळाल्या तरी त्या ओळीत राहत नाहीत. इथे ज्याला जिथे बसवलं तो तिथेच बसला होता.

शेजारी हरियाणाहून आलेले एक गृहस्थ होते. सैन्यातून निवृत्त झालेले, आता बँकेत पहारेकरी असलेले, छातीवर पदकं लावून आलेले. त्यांची मुलगी परेडमध्ये होती. "आपकी कौनसी टुकड़ी में?" त्यांनी विचारलं.

मिलिंद म्हणाला, "हमारी नहीं है आज. पैर में फ्रॅक्चर है."

गृहस्थ मिलिंदच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "मुझे तो छुट्टी के लिए कितनी मिन्नतें करनी पड़ीं. आप तो दो बार देखोगे जी."

मिलिंद ओशाळं हसला.

सूर्य बुडाला, आभाळात थोडा उजेड उरला आणि मैदानावरचे दिवे लागले. बँड सुरू झाला. पांढऱ्या गणवेशातल्या रांगा आत आल्या. मुलं आणि मुली एकत्रच होती. इतके हात एकाच वेळी सारखे वर जाऊ शकतात, हे मी सिनेमात पाहिलेलं, पण बुटांचा आवाज छातीत लागतो हे माहीत नव्हतं. मुली कुठल्या हे आधी ओळखू येईना. मग टोपीखालच्या बांधलेल्या केसांवरून ओळखू यायला लागल्या, तसतशी मी प्रत्येकीच्या जागी प्रज्ञाला उभी करून बघायला लागले. शपथेचे शब्द शेकडो तोंडांतून एकदम आले, तेव्हा हरियाणाचे गृहस्थ उभं राहून रडत होते. अगदी मोठ्याने, मोकळेपणाने.

मला आनंद झाला आणि भीती वाटली. दोन्ही एकाच वेळी. ही मुलं उद्या जहाजांवर जातील. त्यांना कोणाची तरी लेकरं समोर दिसतील की नुसता पडद्यावरचा ठिपका दिसेल? आदल्या दिवशी मिलिंदने विचारलेल्याचं उत्तर मला तिथेही मिळालं नाही. अजूनही मिळालेलं नाही. पण एवढं कळलं, की ज्या मुली समोरून चालत गेल्या त्या कोणी पाठवलेल्या नव्हत्या. त्या आलेल्या होत्या.

परेड संपली आणि आईबापांना मैदानावर सोडलं. क्षणात सगळी शिस्त मोडली. टोप्या आयांच्या डोक्यावर गेल्या, बापांनी पोरींना उचललं. त्या गर्दीच्या कडेला, दिव्याच्या खांबाजवळ, प्रज्ञा कुबड्यांवर उभी होती. गणवेश कडक इस्त्रीचा, केस घट्ट बांधलेले, आणि उजव्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर. ती बारीक झाली होती. मी तिला मिठी मारली, तेव्हा खांदे लाकडासारखे लागले.

मिलिंद मिठी मारायला पुढे झाला नाही. तो तिच्या पायाशी खाली बसला.

"पप्पा, अहो, सगळे बघतायत."

त्याने प्लास्टरवरून हात फिरवला. वरची कड बोटाने तपासली, टाचेखाली दाबून पाहिलं, तिच्या बोटांची नखं दाबून सोडली आणि परत लाल होतात का ते बघितलं. "बोटं हलव," तो म्हणाला. तिने हलवली. "मुंग्या येतात?"

"नाही."

"प्लास्टर चांगलं घातलंय." तो उठला. मग एकदम आवाज चढला. "दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर थांबवलं असतं."

"मग आता काय झालं? थांबलीसच ना?"

प्रज्ञाची मान खाली गेली. तेवढ्यात तिच्या प्रशिक्षक अधिकारी मॅडम आल्या. तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी हिंदीत सगळं समजावून सांगितलं. हाड जुळायला वेळ लागेल. प्रज्ञा इथल्या रुग्णकक्षात राहू शकते, किंवा रजेवर घरी जाऊ शकते. घरी गेली तर मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या हॉस्पिटलात तपासणी होईल. पाय बरा झाला की परत येऊन पुढच्या तुकडीबरोबर उरलेलं प्रशिक्षण. "घर पे रिकव्हरी अच्छी होगी," त्या म्हणाल्या. "लेकिन ये जाना नहीं चाहती."

"का गं?" मी विचारलं.

प्रज्ञा माझ्याशी नाही, मिलिंदशी बोलली. "घरी आले तर परत पाठवाल?"

आजूबाजूला केंद्राच्या फोटोग्राफरचे फोटो चालले होते, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने ओरडत होतं. मिलिंदने चष्मा काढून शर्टाला पुसला. त्या चार-पाच क्षणांत मला वाटलं, आता हा नर्सिंगचं काढणार, वर्षं काढणार, आणि ही पोर इथेच खांबाला धरून उभी राहणार. मी मध्ये काही बोलायला गेले, तर त्याने हाताने मला थांबवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "वापस कब लाना है इसको?"

मॅडमनी सांगितलं. त्याने खिशातून मोबाइल काढला. कॅमेऱ्यावरचा स्टिकर तसाच होता. खांबाखाली नेटवर्क नव्हतं म्हणून तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. आम्ही तिघी बघत राहिलो. पांढऱ्या गणवेशांच्या गर्दीत त्याचा आकाशी शर्ट दिसत होता. कधी फोन वर धरत होता, कधी चष्मा वर करून जवळ आणत होता. बराच वेळ गेला.

तो परत आला. "घरी जायचं तिकीट सकाळी बघू. मिळेल काहीतरी. परत इकडे यायचं मात्र आत्ताच काढलं." प्रज्ञापुढे त्याने मोबाइल धरला.

तिने वाचलं. "दोन कशाला?"

"सोडायला कोण येणार मग?"

प्रज्ञाने एक कुबडी माझ्या हातात दिली आणि मोकळा हात त्याच्या गळ्यात टाकला.

परळ

घरी आलो तेव्हा चाळीतल्या बायका भेटायला आल्या. त्यातल्या एकीने, प्रज्ञाला लहानपणापासून खेळवलेल्या शेजारच्या काकूंनी, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं, "बरं झालं बाई, आलीस परत. सुटलीस."

मिलिंद आत चहा गाळत होता. गाळणी हातात घेऊनच बाहेर आला. "परत नाही आली काकू. रजेवर आलीये."

कुलाब्याला प्लास्टर काढलं तेव्हा तो आत गेला होता. करवत दुसऱ्याच्या हातात, आणि हा दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभा. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगा बरा कापतो." पाय बारीक आणि पांढरट झाला होता. मग कित्येक आठवडे मी परत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले. या वेळी मैदानाच्या कडेने दोघं चालायचे. ती घाई करायची आणि तो शर्ट धरून तिला मागे ओढायचा.

परवा तो तिला सोडायला गेला. फाटकापासून त्याचा फोन आला.

"गेली आत," तो म्हणाला.

"रडली का?"

"नाही. सामान उचलून सरळ गेली. लंगडत नव्हती."

"मग आता तू निघालास ना?"

"निघतो. आत परेडचा सराव चाललाय कुठल्यातरी तुकडीचा, इथवर ऐकू येतोय." फोनमधून मलाही बुटांचा अस्पष्ट ताल ऐकू आला. "तिची नसेल ती अजून," तो म्हणाला. "पण एवढी परेड संपू दे."